घरकर्जाचा अर्ज नंतर, आधी सिबिलचा उतारा वाचा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आजच्या सभेत कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. आमच्याकडे कागदाचा विषय आला आहे. विषय कोरडा आहे हे आम्हाला ठाऊक आहे. पण या कोरड्या कागदापायी ज्याने पै न् पै फेडली तो माणूससुद्धा बँकेच्या दारातून रिकाम्या हाताने परत येतो, म्हणून थोडा वेळ ऐकून घ्या.

गावठाणात पक्के घर बांधायला पूर्वी बँक उभे करत नव्हती. घर होते, पण घराच्या मालकीचा कागद नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला की साहेब मान हलवायचे. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आणि बऱ्याच गावांत मिळकत पत्रिका लोकांच्या हातात आल्या. घर गहाण ठेवून कर्ज मागायची वाट मोकळी झाली. आता शेतकरी मिळकत पत्रिका, घराचा नकाशा, ग्रामपंचायतीची परवानगी अशी जाडजूड फाईल काखेत घेऊन शाखेत जातो. साहेब फाईल उघडत नाहीत. आधी पॅन नंबर विचारतात, संगणकावर बघतात आणि म्हणतात, "काका, तुमचं सिबिल खराब आहे."

काय खराब आहे? कुणी केले? कधी केले? काकांना काही कळत नाही. साहेबांनाही सांगायला वेळ नसतो. काका फाईल घेऊन दुसऱ्या बँकेत जातात, तिथून तिसऱ्या बँकेत जातात. प्रत्येक बँकेने अहवाल मागवला याचीही नोंद होते आणि "हा माणूस दारोदार कर्ज मागत फिरतो" असा त्याचा अर्थ लावला जातो.

सिबिल म्हणजे काय?

सिबिल ही सरकारी कचेरी नाही, कंपनी आहे. ती २००० साली निघाली. पुढे अशा कंपन्यांसाठी २००५ चा कायदा झाला आणि आज रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर देशात चार कंपन्या हे काम करतात. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क ही त्यांची नावे. कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तसे या चारही कंपन्यांच्या अहवालाला आपण सिबिलच म्हणतो.

जमिनीचा जसा ७/१२, तसा हा आपल्या कर्जाचा उतारा आहे असे समजा. कोणत्या बँकेचे किती कर्ज, कधी काढले, किती फेडले, किती दिवस उशीर झाला, हे सारे त्यात असते. गेल्या ३६ महिन्यांची महिनावार नोंद असते. ही नोंद बँक करते. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती किमान पंधरवड्याला एकदा कळवावी असा नियम झाला. या नोंदीवरून कंपनी ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण देते. किती गुणांवर कर्ज द्यायचे हे रिझर्व्ह बँकेने ठरवलेले नाही, प्रत्येक बँक आपापले ठरवते. ७५० च्या पुढे गुण असले की साधारणपणे साहेब खुर्ची देतात.

ज्याने आजवर कधीच कर्ज काढले नाही त्याला गुणच नसतात. अशा माणसाचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही एवढ्याच कारणाने नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशात बँकांना सांगितले आहे. तरुण पोरांनी हे लक्षात ठेवावे.

कुणी म्हणेल, सरकारने सिबिल बंद केले ना? तसे नाही. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावले ते पीक कर्जापुरते. घरकर्जाला, ट्रॅक्टरला सिबिल बघितले जातेच.

चुकीची किंमत कापसात मोजू

नोंद चुकीची असेल तर दोनच गोष्टी होतात. कर्ज मिळत नाही, किंवा महाग मिळते. महाग म्हणजे किती, तो हिशेब मांडू. दहा लाखांचे घरकर्ज १५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी मिळाले तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,१४३ रुपये बसतो. तेच ११ टक्क्यांनी मिळाले तर सुमारे ११,३६६ रुपये. फरक महिन्याला १,२२३ रुपयांचा. १५ वर्षांत तो दोन लाख वीस हजारांवर जातो. २०२५-२६ च्या हंगामाचा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे साडेअठ्ठावीस क्विंटल कापूस झाला, आणि तोही हमीभाव पदरात पडला तर. कोरडवाहू माणसाने एका चुकीच्या नोंदीपायी एवढा कापूस का सोडून द्यावा?

चुका कुठे सापडतात?

लोकांचे अहवाल वाचताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली चूक नवे-जुने केल्याची. आपण दरवर्षी पीक कर्ज नवे-जुने करतो. जुने खाते बंद होते, नव्या क्रमांकाचे उघडते. कागदावर जुने बंद झाले, पण कळवायचे राहिले की अहवालात दोन्ही कर्जे उभी दिसतात. एक लाखाचे दोन लाख होतात, आणि त्यातले जुने दर महिन्याला थकत जाते.

दुसरी चूक बँकांच्या विलीनीकरणाची. १ एप्रिल २०२० ला अनेक सरकारी बँका एकमेकींत मिळाल्या. १ मे २०२५ ला राज्यातल्या दोन ग्रामीण बँकांची एक झाली. अशा वेळी खाते क्रमांक बदलला की एकच कर्ज जुन्या आणि नव्या अशा दोन नावांनी दिसू शकते. ज्यांची खाती अशा बँकांत होती त्यांनी अहवाल दोनदा वाचावा.

तिसरी चूक नावाची. आपल्या गावात एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे, एकाच आडनावाचे दोन-तीन गडी असतात. जन्मतारखेने वेगळे ओळखावे तर मास्तरांनी शाळेत घालताना निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लिहून ठेवलेली. पत्ता काय, तर मुक्काम पोस्ट अमुक. मग एकाने ट्रॅक्टर घेतला, हप्ते थकले, आणि घरकर्ज नाकारले दुसऱ्याला. पॅनचा एक आकडा चुकला तरी हेच होते.

चौथी चूक कर्जमाफीची. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत आणि २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दोन लाखापर्यंतची खाती बसली. यादीत नाव आले, आधार प्रमाणीकरण झाले, खाते निरंक झाले. तरी अहवालात बाकी दिसते, किंवा "राइट ऑफ" म्हणजे बुडीत असा शेरा दिसतो. ज्याचे खाते निरंक झाले त्याची बाकी शून्यच दिसली पाहिजे. शेरा कोणत्या आधारावर लावला ते बँकेला लेखी विचारायचे.

पाचवी चूक दुष्काळाची. पीक बुडाले, पैसेवारी ५० च्या खाली आली, बँकेने कर्जाचे पुनर्गठन केले, हप्ते पाडून दिले. "नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठन" अशी वेगळी नोंद करायची सोय अहवालात आहे. पण कारकुनाने ती केली नाही तर हप्ते पाडून दिलेले कर्ज सरळ थकीत दिसते. २०१७ ला बोंडअळीने कपाशी खाल्ली, २०१८ ला पावसाने पाठ फिरवली. त्या काळात ज्यांचे पुनर्गठन झाले त्यांनी आपापले खाते पुढे कसे दाखवले आहे ते पाहावे.

चूक कोणती नाही, तेही ओळखा

इथे खरे बोललेच पाहिजे. आपण खरोखर हप्ता उशिरा भरला असेल आणि तसे लिहिले असेल, तर ती नोंद कडू आहे, पण चुकीची नाही. अहवालात पावसाचा रकाना नाही, बाजारभावाचाही नाही. त्याबद्दलची लढाई वेगळ्या मैदानावर लढायची. तक्रार अर्जाने ती जिंकता येत नाही.

तडजोडीचेही तसेच आहे. एकरकमी परतफेडीत बँकेने काही रक्कम सोडून दिली असेल तर "सेटल्ड" असा शेरा येतो. पूर्ण फेड आणि सेटल्ड यांत बँका फरक करतात. तो शेरा काढायचा तर सोडलेली रक्कम भरून "पूर्ण फेड" असा दाखला घ्यावा लागतो. तडजोड करतानाच हा हिशेब करा.

तिसरी गोष्ट जामिनाची. सोयऱ्याला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसते. त्याने बुडवले तर डाग तुम्हालाही लागतो. ही चूक नव्हे, जामीनकीच आहे. मात्र सोयऱ्याने फेडूनही तुमच्याकडे बाकी दिसत असेल तर ती चूक आहे.

मायबहिणींना एक वेगळे सांगणे आहे. घरकर्जात नवराबायको दोघांची नावे असली की बँक दोघांचे अहवाल काढते. घरधन्याचा अहवाल स्वच्छ आणि बाईच्या नावावर गटाच्या, मायक्रोफायनान्सच्या कर्जाची बाकी, असे झाले तरी फाईल अडते. हप्ता गोळा करणाऱ्याने पैसे नेले पण खाते बंद केले का, हे तुमच्या अहवालातच दिसेल. म्हणून घरातले दोन्ही अहवाल काढा.

दुरुस्ती कशी करायची?

पहिले काम, अहवाल मिळवा. २०१७ पासून प्रत्येक कंपनीने प्रत्येक माणसाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल गुणांसह फुकट द्यायचा आहे. चार कंपन्यांचे चार अहवाल मिळतात. कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन आणि मोबाईल घालून तो निघतो. घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा पोरीला बसवा. स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने गुण कमी होत नाहीत. बँकेने अर्जावर अहवाल काढलाच असेल, तर त्याची प्रत मागण्याचा हक्कही त्या कायद्याच्या २१ व्या कलमात आहे.

दुसरे काम, लाल पेन घेऊन वाचा. आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता. मग एकेक कर्ज. प्रत्येक कर्जापुढे तीन प्रश्न विचारा. हे माझे आहे का? बाकी बरोबर आहे का? बंद झाले असेल तर बंद दाखवले आहे का? शेवटी कुठल्या बँकेने कधी अहवाल मागवला ती यादी पाहा. ज्या बँकेची पायरी कधी चढला नाहीत तिचे नाव तिथे असेल तर सावध व्हा, तुमच्या कागदावर दुसराच कुणी कर्ज मागत असेल.

तिसरे काम, पुरावा जमवा. बेबाकी दाखला, खाते उतारा, भरणा पावत्या, कर्जमुक्तीच्या प्रमाणीकरणाची पावती, पुनर्गठनाचे पत्र, बोजा कमी केल्याचा फेरफार. बेबाकी दाखला नसेल तर आजच मागा. कर्ज फिटले त्या दिवशी पेढे मागाहून वाटा, दाखला आधी घ्या.

चौथे काम, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. कंपनीकडेही आणि बँकेकडेही. तोंडी सांगून काही होत नाही. कंपनी आपल्या मनाने नोंद बदलत नाही, बँकेने दुजोरा दिला तरच बदलते. अहवालावर एक नियंत्रण क्रमांक असतो, तो तक्रारीत घालावा लागतो. शाखेत अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड टपालाने पाठवा.

अर्ज असा लिहा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: कर्ज खाते क्रमांक अमुकच्या चुकीच्या नोंदीची दुरुस्ती. महोदय, वरील कर्ज मी अमुक तारखेस पूर्ण फेडले असून बेबाकी दाखला सोबत जोडला आहे. तरीही अमुक कंपनीच्या अमुक तारखेच्या अहवालात (नियंत्रण क्रमांक अमुक) सदर खात्यावर अमुक रुपये बाकी दिसते. आपण दुरुस्त माहिती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवावी आणि कळवल्याचे मला लेखी द्यावे. दुरुस्ती नाकारल्यास कारण लेखी द्यावे. आपला, सही, पत्ता, मोबाईल."

एवढेच. रडगाणे नको, शिव्या नकोत. एका चुकीला एक अर्ज.

पाचवे काम, दिवस मोजा. बँकेला कळल्यापासून २१ दिवसांत तिने दुरुस्त माहिती कंपनीला पाठवायची, आणि तक्रार केल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघायला हवी. नाही निघाली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. २१ दिवस बँकेने चुकवले तर बँक देते, कंपनीमुळे उशीर झाला तर कंपनी देते. म्हणून पोचेवरची तारीख महत्त्वाची. दुरुस्ती नाकारली तर कारणही सांगावे लागते.

सहावे काम, तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १ सप्टेंबर २०२२ पासून या माहिती कंपन्या त्याच्या कक्षेत आहेत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. लोकपालाकडे जायला वकील लागत नाही, फी लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर विचारपूस करता येते. मात्र आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे आणि ३० दिवस वाट पाहिलेली असली पाहिजे. उत्तर समाधानाचे नसेल तर मग बसून राहू नका, लगेच पुढे जा.

दलालांपासून सांभाळा

तालुक्याच्या बाजारात आता "सिबिल दुरुस्त करून मिळेल" अशा पाट्या दिसतात. खरी नोंद कुणाच्या बापाला पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करू शकता. मग तो पैसे कशाचे घेतो? त्याहून वाईट म्हणजे पॅन, आधार आणि मोबाईलवर आलेला ओटीपी त्याच्या हाती जातो. उद्या त्याच कागदांवर नवे कर्ज निघाले तर काय कराल? ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

केव्हा करायचे?

आम्ही शेतीचे शिक्षण घेऊन गावोगाव हिंडलो तेव्हा एक गोष्ट शेतकऱ्याला शिकवावी लागली नाही. ज्वारीचे घरचे बी असेल तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून तो उगवण बघतो. पेरून झाल्यावर बघून काय उपयोग, हे त्याला कळते. हा अहवालही असाच अर्जाआधी बघायचा आहे.

घर बांधायचे दिवस होळीपासून मृगापर्यंतचे. तिथून उलटे मोजा. दसऱ्याला चारही अहवाल काढा. पहिल्या वेचणीच्या धांदलीतही दिवाळीपर्यंत अर्ज टाकून पोच घ्या. संक्रांतीपर्यंत ३० दिवस उलटून गेलेले असतात. नवे इंग्रजी वर्ष लागले की फुकटचा अहवाल पुन्हा मिळतो, तो काढून दुरुस्ती चारही ठिकाणी झाली का ते पाहा. एका कंपनीने सुधारले आणि दुसरीने नाही, असे होते, आणि आपली बँक नेमका कोणाचा अहवाल काढेल हे आपल्याला माहीत नसते. सारे स्वच्छ झाले की पाडव्याला एकाच बँकेत, नीट चौकशी करून, एकच अर्ज द्या. तक्रार चालू असताना अर्ज करू नका. त्या काळात नोंदीवर "वादग्रस्त" असा शेरा असतो आणि साहेबाला नकार द्यायला निमित्त मिळते.

भावांनो, ७/१२ वर कुणी चुकीचा बोजा चढवला तर आपण तलाठ्याच्या मागे लागतो, तहसीलला खेटे घालतो. कारण जमीन आपली आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. पतही आपलीच आहे. ती दुसऱ्याच्या संगणकात लिहिलेली आहे म्हणून दुसऱ्याची होत नाही.

प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्यांना एक काम देऊन बसतो. गावातल्या पाच घरांचे नवराबायकोंचे अहवाल काढायला मदत करा, बँकेचे नाव, चुकीचा प्रकार आणि पोचेची तारीख एका वहीत लिहा, आणि ती वही घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला या. ज्या शाखेच्या नावापुढे ३० दिवस उलटलेल्या पाच-दहा पोचा जमतील, त्या शाखेत सगळे मिळून जाऊ.